दोन ते आठ

फ्रिज बंद पडला त्या दिवशी संकष्टी होती,
म्हणून लक्षात राहिलं.
सकाळी केंद्राचं कुलूप काढलं
तर आधी ऐकू आली ती शांतता.
एरवी तो रात्रंदिवस घुमायचा,
मधमाश्यांचं पोळं भिंतीत असल्यासारखा.
थर्मामीटरवर चौदा.

लस दोन ते आठ अंशांत ठेवायची,
हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
बाटल्या उजेडात धरून पाहिल्या,
लेबलावरचा चौकोन अजून पांढरा होता.
जतला फोन केला. जतने सांगलीला.
सांगलीचं उत्तर दुपारी आलं:
दुरुस्तीच्या हेडखाली यंदा तरतूद नाही,
स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी.

स्थानिक पातळी म्हणजे मी.
आणि इलाही मुजावर,
ज्याच्या ॲम्ब्युलन्सला गणपतीपासून
पंपवाला उधार डिझेल देत नाही.
डबा मांडीवर घेऊन मी त्याच्या मोटरसायकलवर बसले,
आणि आम्ही बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला गेलो.

आत चार अंश.
बरोब्बर चार, आकडा बघून मला रडू आलं.
छताला टेकलेले पंधरा-पंधरा किलोचे खोके,
हिरवा माल, पिवळा माल, आंबूस गोड वास.
सातलिंग बिरादार म्हणाले, ठेवा की सिस्टर,
हितं लाईट गेली तर जनरेटर हाय,
बेदाणा काळा पडला तर व्यापारी घेत न्हाई.
मग थोडं थांबून,
आमची नात पण हाय न्हवं ह्यात?
आहे, म्हटलं. गोवराचा दुसरा.

त्या दिवसापासून दर गुरुवारी
गावाची लस बेदाण्यातून येऊ लागली.
बायका बाटलीचा वास घेऊन हसायच्या.

बाकीचं सांगायचं तर,
आधी रात्रीची आया गेली,
मग रक्त तपासणारा पोरगा,
मग हातमोजे मोजून मिळू लागले, जोडीने नाही, नगाने.
डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस,
तेही दुसऱ्या केंद्राकडून उसने.
कपाटात एकच औषध भरपूर उरलं,
कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड.
मिरजेला न्या.
तापाला, विंचवाला, अडलेल्या बाईला, मिरजेला न्या.
आमच्याकडे निम्मं गाव कन्नड बोलतं,
ते मी शिकले ते एवढ्या एका वाक्यापुरतं:
मिरजिगे होगरी.

गौरव्वाला नेत होतो, ती नागजच्या फाट्यावर मोकळी झाली.
चहाच्या टपरीमागे, इलाहीने पाठ करून धरलेल्या
मोबाईलच्या उजेडात.
टपरीवाल्याने भांडंभर गरम पाणी दिलं
आणि पैसे घेतले नाहीत, पण
भांडंही परत घेतलं नाही.
पोराचं नाव रेवणसिद्ध ठेवलंय,
सगळे फाट्या म्हणतात.

फेब्रुवारीत जुना बेदाणा निघाला.
नवा यायच्या आधी खोल्या धुतात, मशीन उघडतात,
दीड महिना बंद.
सातलिंग दारातच अवघडून उभे होते,
जणू त्यांनीच काहीतरी कमी केलं होतं.
त्याच आठवड्यात माझं पत्र आलं,
एकतीस मार्चनंतर सेवा आवश्यक नाही.
सही ओळखीची होती. गेल्या वर्षी
याच सहीने मला प्रशस्तिपत्रक दिलं होतं.

उद्या गुरुवार. यादीत एकवीस पोरं,
सतराव्या नंबरवर फाट्या, दीड महिन्याचा डोस.
आत्ता रात्रीचे पावणेदहा.
माडग्याळच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणलाय,
डब्यात कडेने लावलाय, मधे टॉवेल,
गोठू नये म्हणून. गोठली तरी लस मरते,
हे कुणाला सांगायला जात नाही मी.
इलाही ओट्यावर झोपलाय, गाडीची चावी मुठीत.
मी दर अर्ध्या तासाने झाकण उचलते,
पटकन बघते, पटकन लावते.

पाच.
सहा.
आता सात.